अर्थिंग

तिसऱ्या शनिवारी तीच तक्रार :
रात्री नवानंतर व्होल्टेज नाचतंय,
ट्यूब फडफडतेय, फ्रीज कण्हतोय.
तक्रारदार मगरे, राहणार मोंढ्यामागं, जालना.
साहेब म्हणाले, आकडा असेल कुणाचा, बघून या.

आकडा नव्हता.
एक सर्व्हिस वायर कडुनिंबातून वाट काढत
बियाण्याच्या बंद गोदामात शिरली होती.
शटर अर्धं वर. खालून नुसते पाय दिसले :
सेफ्टी बूट, स्लीपर, एका पायात पैंजण,
चाळीसेक पाय, सगळे एका ठोक्यावर.

वाकून आत गेलो. तिकीट कुणी विचारलं नाही.
एक पोरगं कानाशी ओरडलं,
"लाईट घालवू नका काका, दोनच गाणी राहिलीत!"

भिंतींना बारदाना ठोकलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
तरी गेलाच होता, थेट माझ्या रजिस्टरपर्यंत.
हवेत अजून बियाण्याच्या औषधाचा वास
आणि नाचणाऱ्यांच्या टाचांना त्याची गुलाबी पूड.

ड्रमवर अंकुश. पुढे कळलं,
दिवसा तो रोलिंग मिलमध्ये लाल सळई चिमट्यानं वळवतो.
कधी मारायचं आणि कधी अंग मागं घ्यायचं
हे त्याच्या मनगटांना आधीच ठाऊक.
गिटारवर नवीद, मोटार रिवायंडिंगवाला,
वेढे मोजल्यासारखा ओठांत काहीतरी मोजत.
गाणारी करुणा हिवाळे, नर्सिंगचं दुसरं वर्ष.
वॉर्डात रात्रपाळीला जे ओरडता येत नाही
ते सगळं ती इथं आणून ओतत असावी.

बँडचं नाव सरकी.
कापूस निघून गेल्यावर राहते, ती.

मला आधी काहीच कळेना.
माझा उजवा कान बदनापूरच्या फीडरवर गेला,
जंपर उडाला त्या दिवशी.
तेव्हापासून त्या बाजूला एक लांबचा पंखा फिरतो, बस.
डाव्यातून आत आलं ते निम्मं गाणं, निम्मी घरघर.
घरघर मात्र ओळखीची निघाली :
पन्नास सायकलची,
पिठाच्या गिरणीसारखी एकसुरी.

मागं जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा खड्डा
कोरडा ठाक.
टाकीतून दोन बादल्या पाणी आणलं,
चहावाल्याकडून अर्धा किलो खडेमीठ,
पट्टीवरचा गंज पक्कडीनं खरवडला.

आत घरघर बसली.
आणि मग शब्द ऐकू आले :
"नळ आला की उठव मला,
बारा दिवस झालेत झोपून."
सगळं गोदाम तिच्यामागून ओरडत होतं, उठव मला, उठव मला,
हसत, आणि हसत नसल्यासारखं.

नव्या पोरांना पंचवीस वर्षं सांगत आलोय,
लाईनवर बूट म्हणजे जीव.
त्या रात्री भिंतीला टेकून मी गमबूट काढले,
मोजेही.
बास फरशीतून आला, पोटऱ्यांतून वर,
गेलेल्या कानाच्या बाजूनंसुद्धा.

तेव्हापासून चौकशी करत हिंडतो.
अंबड चौफुलीला टायरच्या दुकानावर पंक्चर, तिघं चुलतभाऊ,
गिऱ्हाईक आलं की गाणं मध्येच थांबतं.
परतूरला दोन पोरी आणि एक कीबोर्ड,
नाव अजून ठरलेलं नाही, त्यावरून भांडण चालू.
भोकरदनचे तिसरी पाळीवाले वाईट वाजवतात.
तरी दोनदा जाऊन आलो.
सुमित्रा म्हणते, "कामून जाता ओ तिकडं, या वयात?"
मी म्हणतो, फॉल्ट शोधायला.

मगरेंची तक्रार बंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं :
अर्थिंग नादुरुस्त, दुरुस्त केले.

आता गोदाम विकलं गेलंय, मार्चपर्यंतची मुदत.
अंकुशनं विचारलं, "काका, कुठं बंद शेड, थ्री फेज?"
म्हणून हल्ली रीडिंगवाल्या पोराबरोबर मीही निघतो,
प्रत्येक बंद शटरपाशी थांबतो.
मीटर किती जुनं, आत जागा किती,
शेजारी कोण राहतं,
आणि ते झोपतात किती वाजता.